दाण्यात तेल भरतं कधी, कमी पडतं कुठे?

वाचकांचे प्रश्न : तेलबिया

उन्हाळी भुईमूग घाण्यावर पोचला की या सदराच्या टपालात तेलाचे प्रश्न वाढतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (धरणगाव तालुका) : आम्ही आणि शेजाऱ्यांनी भुईमुगाचं एकच वाण एकाच आठवड्यात पेरलं. त्यांना मजूर मिळाले म्हणून त्यांनी बारा दिवस आधी उपटून घेतलं. एकाच घाण्यावर एक क्विंटल दाण्यांमागे आमचं तेल ४१ किलो निघालं, त्यांचं ३४. घाणेवाला हात मारतो का?

घाणेवाल्याला तूर्त सोडून द्या. हिशेब त्याच्या बाजूने लागतो.

चांगल्या भरलेल्या, वाळलेल्या शेंगदाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असतं. लाकडी घाणा ते सगळं काढू शकत नाही, ढेपेच्या वजनाच्या साधारण ८ ते १२ टक्के तेल तिच्यात राहतंच. तुमच्या दाण्यात ४७ टक्के तेल धरा. क्विंटलमागे ४७ किलो तेलातलं ६ किलो ढेपेत गेलं, हाती ४१ आलं. शेजाऱ्यांच्या दाण्यात ४० टक्केच असेल, तर तेवढंच ढेपेत सोडून ३४ उरतात. म्हणजे दोघांचा घाणा सारखाच चालला, दाणे मात्र सारखे नव्हते. एक सूचना : हिशेब किलोत करा. एक लिटर शेंगदाणा तेल ९१०-९१५ ग्रॅम भरतं. एकाने किलोत आणि दुसऱ्याने लिटरमध्ये सांगितलं की ४१ किलोचे ४५ लिटर होतात आणि गावात भांडण लागतं.

आता बारा दिवसांचं. आरी, म्हणजे फुलाच्या जागेवरून निघून मातीत शिरणारा आणि टोकाला शेंग धरणारा देठ, जमिनीत शिरल्यापासून दाणा पक्का व्हायला साधारण दोन महिने लागतात. पहिल्या तीनेक आठवड्यांत शेंगेचं टरफल वाढतं, दाणा पाणचट आणि गोड असतो, तेल नावापुरतं. त्यानंतरचे चार-पाच आठवडे तेल भरण्याचे. भुईमुगाला सगळ्या आऱ्या एकाच दिवशी सुटत नाहीत, त्यामुळे एकाच वेलावर पक्की शेंग, अर्धी भरलेली आणि कोवळी अशा तिन्ही असतात. बारा दिवस आधी उपटलं, म्हणजे मधल्या सगळ्या शेंगांचा भरण्याचा ऐन काळ कापला. असे दाणे वाळल्यावर सुरकुततात. त्यांत साखर जास्त आणि तेल कमी असतं, आणि जे तेल असतं त्यातही सुटी आम्लं जास्त, म्हणून ते लवकर खवट होतं.

उपटायचं कधी, हे दिवस मोजून ठरवू नका. फुले प्रगतीसारखं वाण खरिपात ९०-९५ दिवसांत येतं, तेच उन्हाळी हंगामात, थंडीत पेरलं गेल्याने आणखी तीनेक आठवडे घेतं. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली पाच झाडं उपटा, मोठ्या शेंगा तोडून शंभर मोजा आणि फोडा. दाण्याकडे पाहू नका, टरफलाची आतली बाजू पाहा. ती पांढरी आणि कापसासारखी मऊ असेल तर शेंग कच्ची. आत तपकिरी-काळपट डाग पडून शिरा उठून दिसत असतील तर दाण्याने टरफलातलं सगळं ओढून घेतलंय. शंभरातल्या ७५ शेंगा अशा निघाल्या की उपटा. नव्वदची वाट पाहिली तर आधीच्या शेंगांच्या आऱ्या कुजून शेंगा मातीत राहतात.

टिक्का किंवा तांबेरा या पानांवरच्या रोगांनी शेवटच्या महिन्यात पानं गळाली असतील, तर पूर्ण दिवस ठेवूनही तेल कमी बसतं. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न (शिरपूर) : मी शाळेत शिकवते. कोवळी शेंग गोड लागते, मग पिकल्यावर तिच्यात तेल येतं कुठून, मुळं जमिनीतून तेल ओढतात का, असं नववीच्या मुलीने विचारलं. पुस्तकात एवढंच आहे की बिया तेल साठवतात.

जमिनीतून तेलाचा थेंबही येत नाही. पानांतूनही येत नाही. पानातून दाण्याकडे जाते ती साखर, आपण चहात घालतो तीच, पाण्यात विरघळलेली. दाणा त्या साखरेचं तेल स्वतःच्या पेशीत, जागेवर बनवतो. कोवळ्या दाण्याची गोडी म्हणजे आलेला पण अजून कामी न लागलेला कच्चा माल.

साखरेचा रेणू आधी फुटतो. सहा कार्बनच्या एका ग्लुकोजपासून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यातून एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि दोन कार्बनचा तुकडा उरतो. पुढचं काम पेशीतल्या प्लास्टिड नावाच्या कप्प्यात चालतं. (पानात जे हरितलवक असतं त्याचंच हे भावंड.) तिथे दोन-दोन कार्बनचे तुकडे एकापुढे एक जोडत साखळी वाढवली जाते : ४, ६, ८ असं करत १६ किंवा १८ पर्यंत. या साखळीला मेदाम्ल म्हणतात. नेहमी दोनाचीच भर पडते, म्हणून बियांच्या तेलातल्या जवळपास सगळ्या मेदाम्लांत कार्बनची संख्या सम असते. हे मुलांना तक्त्यात मोजायला लावा, गंमत वाटेल.

१८ कार्बनची साखळी तयार झाली की एक एन्झाइम तिच्यात मधोमध एक दुहेरी बंध घालतं. झालं ओलेइक आम्ल. साखळ्या मग प्लास्टिडबाहेर पडून पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, म्हणजे अंतर्द्रव्यजालिकेत जातात. तिथे काहींना दुसरा दुहेरी बंध बसतो आणि लिनोलिइक आम्ल होतं. करडई आणि सूर्यफुलात ते भरपूर असतं. जवसात तिसराही बसतो. त्याच जाळ्यात ग्लिसरॉलच्या एका छोट्या रेणूला तीन साखळ्या जोडल्या जातात, तीन दातांच्या दाताळ्यासारख्या. हा जोडलेला रेणू म्हणजे तेल.

एवढा खटाटोप दाणा का करतो? एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, एक ग्रॅम पिष्टात ४. लहान जागेत जास्त शिदोरी बसते. पण ती महाग पडते. वर कार्बन उडाला तो पाहिलाच, एकूण कार्बनचा तिसरा हिस्सा असा जातो. ढोबळ हिशेब असा की एक किलो तेलासाठी सुमारे तीन किलो ग्लुकोज खर्ची पडतं, एक किलो पिष्टासाठी सव्वा किलोच. मका एकरी जेवढे क्विंटल देतो तेवढे तीळ का देत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. मोहरी-सोयाबीनचे कोवळे दाणे हिरवे असतात, शेंगेतून आत येणाऱ्या उजेडावर ते उडालेला काही कार्बन परत पकडतात. भुईमूग अंधारात भरतो, त्याला ती सोय नाही. म्हणूनच तेल भरण्याच्या महिन्यात वरची पानं शाबूत लागतात. पानं गेली की साखरेची रसद तुटली.

वर्गात करता येईल असा प्रयोग : एकाच वेलावरची कोवळी, मध्यम आणि पक्की शेंग घ्या. प्रत्येकीतला एक दाणा टिपकागदावर किंवा वहीच्या कोऱ्या कागदावर वाटीच्या बुडाने चिरडा आणि बाजूला पेन्सिलीने नाव लिहा. तिन्ही ठिकाणी ओला डाग पडेल. लगेच निष्कर्ष काढू नका, कारण पाण्याचाही डाग पारदर्शक दिसतो. कागद दोन तास सावलीत वाळू द्या, मग खिडकीसमोर धरा. कोवळ्या दाण्याचा डाग जवळजवळ गेलेला असेल, पक्क्याचा तसाच पारदर्शक राहिलेला असेल. तेल उडून जात नाही.

प्रश्न (पारोळा) : शेंगदाण्यात निम्मं तेल आहे म्हणता, मग दाणा मोडला तरी हात कोरडा कसा? आणि घाण्यात पाण्याचा हबका का मारतात? पाण्याने तेल बिघडत नाही का?

दाण्यातलं तेल मोकळं नसतं, पुड्यांत बांधलेलं असतं. पडद्यांच्या जाळ्यात तेल साचत जातं तसा पडद्याचा फुगा होतो आणि थेंब सुटा होतो. असा एक थेंब अर्धा ते दोन मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीत तीसेक सहज मावतील एवढा. प्रत्येकावर एक पातळ पदर आणि त्यात रुतलेलं ओलिओसिन नावाचं प्रथिन असतं. दाणा वाळताना पेशीतलं पाणी जातं, थेंब एकमेकांवर दाबले जातात, तरी या प्रथिनामुळे ते मिसळत नाहीत. मिसळले असते तर उगवताना तेल पचवायचं एन्झाइम एवढ्या मोठ्या गोळ्याला कुठून भिडणार? लहान थेंबांना पृष्ठभाग जास्त मिळतो.

भिजवलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये पाण्याबरोबर वाटले की तेल वर येत नाही, पांढरं दूध होतं. त्या दुधात हे थेंब पुड्यांसकट तरंगत असतात.

घाण्यात दाबाने पेशी फुटतात, घर्षणाने चोथा तापतो. वरून मारलेल्या पाण्याने आणि उष्णतेने प्रथिनं गोठतात, पुड्या फुटतात, थेंब एकत्र येऊन धार लागते. पाणी कमी पडलं तर चोथा भुसभुशीत राहून लाटेला (घाण्यात फिरणाऱ्या लाकडी दांड्याला) धरत नाही. जास्त झालं तर दूध होतं आणि तेल अडकतं. चांगला घाणेवाला हा अंदाज मुठीत चोथा दाबून घेतो. ते पाणी बहुतेक ढेपेत जातं. तेलात आलेलं थोडं गाळाबरोबर खाली बसतं, म्हणून तेल दोन-तीन दिवस संथ ठेवून वरचं निवळ काढून घ्यावं. गाळ डब्यात राहिला की वास धरतो.

प्रश्न (अमळनेर आणि साक्री तालुक्यांतून दोन पत्रं) : गंधक टाकलं की तेल वाढतं म्हणून दुकानदार देतो. खरं का? जिप्सम वेगळं टाकायचं का? वरून कॅल्शियम फवारलं तर चालेल का?

तेलाच्या रेणूत गंधक नसतं. त्यात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. तरी दुकानदार खोटं बोलत नाही, कारण तेल बनवायच्या अवजारांत गंधक आहे. दोन कार्बनचा तुकडा ज्याच्या टोकाला अडकवून पुढे नेला जातो त्या कोएन्झाइम-ए मध्ये ते टोक गंधकाचंच असतं. वाढती साखळी ज्या प्रथिनाच्या हातावर धरलेली असते त्या हाताच्या टोकालाही गंधक. साखळी वाढवायला लागणारं बायोटिन आणि लिपोइक आम्ल, दोन्हींत गंधक. ते कमी पडलं तर साखर आली तरी काम अडतं. मात्र पुरेसं असताना दुप्पट टाकून तेल दुप्पट होत नाही. नत्र जास्त झालं तर उलटंच होतं, दाण्यात प्रथिन वाढून तेलाचा टक्का खाली येतो.

तेलबियांना एकरी ८ किलो गंधक बहुतेक ठिकाणी पुरतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्या टाकल्या तर स्फुरदाबरोबर ११ किलो गंधक आपोआप जातं. डीएपीत (डाय-अमोनियम फॉस्फेट या खतात) ते नसतं. सुपर सोडून डीएपीवर आलेल्यांनाच गंधकाची उणीव जास्त जाणवते, आणि मग वेगळी पिशवी विकत घ्यावी लागते. ९० टक्के बेन्टोनाइट गंधक घ्यायचंच असेल तर एकरी ९ किलो, पण पेरणीच्या १५-२० दिवस आधी, ओलीवर. जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करतात तेव्हाच मुळांना ते घेता येतं. कोरड्या मातीत ते तसंच पडून राहतं. उभ्या पिकाला महिन्याने टाकलेल्या गंधकाचा फायदा बहुधा पुढच्या पिकाला होतो.

जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं, काम वेगळं आहे, आणि भुईमुगात ते जास्त मोलाचं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाणी उडतं तिथे, म्हणजे पानात जातं. पानातून ते परत खाली उतरत नाही. शेंग मातीखाली, तिच्यातून पाणी उडत नाही, म्हणून मुळांनी घेतलेलं कॅल्शियम तिच्याकडे फारसं येतच नाही. ते तिला टरफलातून, भोवतालच्या मातीतून घ्यावं लागतं. यावरून फवारणीचं उत्तर मिळतं : पानावर मारलेलं कॅल्शियम शेंगेला पोचत नाही. पैसे वाचवा.

एकरी ८० किलो जिप्सम पेरणीच्या वेळी आणि ८० किलो आऱ्या सुटताना, ओळीच्या दोन्ही बाजूंना टाकून मातीत मिसळा आणि झाडाच्या बुडाशी मातीची भर द्या. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर दिसतं, पण चुना अशा विम्लधर्मी जमिनीत फार कमी विरघळतो, जिप्सम विरघळतं. वरची दोन-तीन इंच माती मात्र ओली हवी. मेमध्ये वरचा थर भाजून निघाला की खाली ओल असूनही शेंगा पोचट राहतात. एवढं जिप्सम दिलं असेल तर गंधकाची वेगळी पिशवी लागत नाही, त्यातच १५ ते १८ टक्के गंधक असतं.

प्रश्न (चोपडा तालुका) : तिळाची खालची बोंडं फुटायला लागतात तेव्हा वरची हिरवी असतात. कधी कापावं?

वरच्यांची वाट पाहू नका. तिळाला फुलं खालून वर लागत जातात, त्यामुळे खालचं बोंड भरून वाळतं तेव्हा शेंड्याचं जेमतेम भरायला लागलेलं असतं. शेंड्याच्या त्या चार बोंडांसाठी थांबलात तर खालचे पन्नास टक्के तेलाचे दाणे जमिनीवर सांडतात. खालची पानं पिवळी पडून गळाली, बोंडं पिवळसर झाली आणि सगळ्यात खालची एक-दोन तडकायच्या बेतात आली की सकाळी, दव असताना कापा. पेंढ्या बांधून शेंडा वर करून उभ्या रचा, चार-पाच दिवसांनी ताडपत्रीवर उलट्या धरून झटका. पहिल्या झटक्यात पडलेला तीळ वेगळा ठेवा, तो घाण्याला आणि बियाण्याला. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात हलका, हिरवट दाणा येतो, तो मिसळला की तेल कडवट आणि गडद होतं. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएलटी ४०८ असो की दुसरा कुठला, या बाबतीत फरक पडत नाही.

प्रश्न (जळगाव, तळोद्याहूनही असंच पत्र) : थंडीत घाण्याचं शेंगदाणा तेल गढूळ होतं. भेसळ असते का? मोहाच्या बियांचं तेल तर तुपासारखं थिजतं.

गढूळ होणं ही भेसळीची खूण नाही. ज्या साखळ्यांत दुहेरी बंध नसतो त्या सरळ काड्यांसारख्या असतात, मोळी घट्ट बांधली जाते, म्हणून थंडीत थिजतात. दुहेरी बंध असला की काडी वाकडी होते, मोळी सैल राहते. शेंगदाण्यात २० ते २४ कार्बनच्या लांब सरळ साखळ्या थोड्या, पाच-सहा टक्के असतात आणि त्याच आधी थिजतात. मोहाच्या तेलात जवळपास निम्म्या साखळ्या सरळ आहेत. सूर्यफुलात दहाबारा टक्केच, म्हणून ते निवळ राहतं. उलट शेंगदाणा तेल म्हणून घेतलेलं तेल डिसेंबरच्या पहाटेही काचेसारखं निवळ राहिलं, तर चौकशी करायला हरकत नाही.

दाणा भरतानाच्या हवेचाही यात वाटा असतो. दुसरा दुहेरी बंध घालणारं एन्झाइम उष्णतेत मंदावतं. त्यामुळे एकाच वाणाचं सूर्यफूल जानेवारीच्या थंडीत भरलं तर लिनोलिइक जास्त, एप्रिलच्या उन्हात भरलं तर ओलेइक जास्त. उन्हाळी तेल त्यामुळे थोडं जास्त टिकतं.

प्रश्न (पाचोरा) : फरदडीची सरकी गिरणीवाला कमी भावाने का घेतो?

फरदड म्हणजे मुख्य वेचणी झाल्यावरही शेतात राखलेली कपाशी. अख्ख्या सरकीत तेल १८ ते २० टक्के, आणि ते सगळं आतल्या गरात. फरदडीला पाणी कमी पडतं आणि थंडीही आडवी येते, गर सुरकुततो. टरफल आणि लव मात्र तेवढीच राहतात. वजनात सरकी दिसते पण तेल घटलेलं असतं. ओल्या कापसाची सरकी ढिगात तापली तर आम्लताही वाढते.

प्रश्न (शहादा) : काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, भुईमुगाच्या शेंगांना जमिनीतच कोंब आले. असे दाणे घाण्याला चालतील का?

उपट्या (न पसरता उभट वाढणाऱ्या) वाणांना सुप्तावस्था जवळजवळ नसते, ओल मिळाली की दाणा उगवायला निघतो. तेव्हा भरलेल्या पुड्या उलट्या क्रमाने उघडतात : लायपेज एन्झाइम तेलाचे दाताळे मोडून साखळ्या सुट्या करतं, साखळ्यांचे पुन्हा दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात आणि त्यांची साखर करून कोंब वाढतो. कोंब नुसता टोकाएवढा असेल तर तेल फार घटलेलं नसतं, पण सुटी आम्लं वाढलेली असतात. ते तेल कढईत लवकर धुरावतं आणि महिन्याभरात खवट होतं. कोंब दाण्याएवढा लांबला असेल तर तेलही गेलं आणि चवही.

शेंगा लगेच धुऊन पातळ थरात वाळवा, ढीग करू नका. दोन-तीन दिवसांत शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. साठवणीसाठी शेंगेतली ओल ८ टक्क्यांपर्यंत खाली आणा. दाणा दोन बोटांत चोळल्यावर साल सुटलं आणि दातांखाली कट्कन मोडला की तिथे पोचलात. फोडून निवडताना कोंबाचे दाणे वेगळे काढा. काळे पडलेले, हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे तर घाण्यालाही देऊ नका आणि जनावरालाही घालू नका. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, काही प्रमाणात न गाळलेल्या तेलात उतरतं आणि बहुतांश ढेपेत राहतं. ती ढेप म्हशीने खाल्ली की त्याचा अंश दुधात येतो.